आतल्या मालाशी आमचा संबंध नाही

ऑगस्टात आमच्याकडे नाताळ येतो.
स्त्रिकूफच्या बाहेर, दोन महामार्ग एकमेकांना कापतात तिथे,
पत्र्याच्या शेडमध्ये घाम पुसत
आम्ही साबणाच्या वड्या बर्फाच्या चित्रात निजवतो.
वर लाल फीत. गाठ नाही, गाठीचा भास,
मागून चिकटपट्टी.

साबण आमचा नाही.
खोकं आमचं नाही, फीत जहाजातून येते,
नाव तर नाहीच नाही.
लोकाची लेक नटवायची
आणि ट्रक हलला की हात झटकायचे.
आमचा फक्त हात,
तोही, बोगूमिव म्हणतो, नगामागे अठरा ग्रॉशांचा.

बोगूमिव मालक. त्याची आई वूजच्या गिरणीत मागावर होती.
माग भंगारात गेले; तिला निरोपाचं घड्याळ मिळालं.
ते त्याच्या टेबलावर अजून सात मिनिटं मागे चालतं.
त्यानं सुरुवात केली गॅरेजात, चहाच्या पुड्यांवर:
चार बाया, एक तराजू, गोंदाचं भांडं.
त्या चौघींतली मी.

आता तीन शेड. चौथीचा पाया खणलाय.
बँकेचा माणूस येतो, तक्ता उलगडतो,
रेघ वर जाते, वर जाते.
रेघेला पाय नसतात, म्हणून सुजत नाहीत.
पुठ्ठा महागला हे रेघेत दिसत नाही.
गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतं
आणि पगार शुक्रवारी, हेही नाही.
मोठं गिऱ्हाईक शिंकलं
की आम्ही तापानं फणफणतो.
आधी म्हणतात नको, मग म्हणतात उद्या सकाळी.

झोरियाना आली तेव्हा तिला पोलिश येत नव्हतं.
ती ते शिकली आमच्या खोक्यांवरून.
कोरड्या जागी ठेवा.
मुलांच्या हाती लागू देऊ नका.
उघडल्यावर लवकर संपवा.
जेवणाच्या सुट्टीत ती हे असं म्हणायची
जसं कुणी आपल्या माणसांना निरोप सांगून ठेवतं.
आम्ही हसायचो. ती म्हणायची, मला एवढंच येतं.

मग ती चॉकलेटची रात्र.
अकरा हजार चारशे डबे बांधून झालेले,
ट्रकवाला बाहेर सिगारेट ओढत उभा,
आणि झोरियानानं पट्टा थांबवला.
लाल बटण. शेडभर अशी शांतता
की छतावरचं कबूतर ऐकू आलं.
"परवाच्या डब्यावर एक शब्द होता," ती म्हणाली,
"यावर नाही."
शब्द होता हेझलनट.

चूक गिऱ्हाइकाच्या फाइलची.
करारात मात्र लिहिलेलं, जबाबदारी बांधणाऱ्याची.
बोगूमिव फोनवर पांढरा पडत गेला,
मग बाही वर करून आमच्या रांगेत उभा राहिला.
रात्रभर आम्ही एकेका डब्यावर एकेक चिठ्ठी लावली,
नखाएवढी.
पहाटे माझी बोटं आपापली हलत होती,
चिठ्ठ्या संपल्यावरही.

तिकडून आभार आले नाहीत.
दंड आला नाही, यालाच आभार म्हणायचे.

वसंतात यंत्राचा हात आला, नारिंगी,
मिनिटाला चाळीस, न चुकता, न थकता.
बोगूमिव त्याच्याभोवती फिरला,
नवा बैल पाहावा तसा.
झोरियाना बराच वेळ बघत राहिली.
"हा वाचतो का?" तिनं विचारलं.
कुणी उत्तर दिलं नाही. प्रश्न चांगल्या पोलिशमध्ये होता.

त्याच्या आधीच्या नाताळात मी बहिणीकडे होते, पोझनानला.
झाडाखाली तोच डबा.
भाच्यानं फीत ओढली, गाठ नव्हतीच, सुटली.
मी आधी त्याला सुका मेवा चालतो ना ते विचारलं.
मग डबा उलटा केला.
चिठ्ठी जरा डावीकडे कललेली.
मी डावखुरी आहे.
कुणाला काही बोलले नाही.
अंगठ्यानं तिचा सुटलेला कोपरा
पुन्हा दाबून बसवला.